रक्तगट आणि क्रॉसमॅच ट्यूब पद्धतीने: नमुना हातात घेण्यापासून पिशवी देईपर्यंत

ए गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात अँटी-बी असते, हे तोंडी परीक्षेत सगळे न अडखळता सांगतात. बेंचवर उभं केलं की मात्र तेच हात गडबडतात. कुणी ट्यूबमध्ये आधी पेशी टाकतं. कुणी धुणं अर्धवट सोडून फोन घ्यायला जातं. चेक सेल्स (निगेटिव्ह निकाल खरा आहे का ते पडताळणाऱ्या पेशी) ‘वेळ नाही’ म्हणून वगळल्या जातात आणि रिव्हर्सचा (रक्तद्रवातल्या अँटीबॉडीवरून गट बघण्याचा) निकाल फॉरवर्डकडे (पेशींवरून बघितलेल्या गटाकडे) बघून लिहिला जातो. यातली कुठलीही चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्या सगळ्या टाळता येतात, फक्त क्रम मोडायचा नाही.

हा लेख डीएमएलटी आणि बीएस्सी एमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या) विद्यार्थ्यांसाठी आहे. एका रुग्णाचा नमुना आला आणि तांबड्या पेशींची पिशवी मागितली, तर काय, कशानंतर आणि का करायचं ते इथे सांगितलं आहे. थेंबांची संख्या आणि वेळ तुमच्या रक्तपेढीच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) किंवा रिएजंटसोबतच्या माहितीपत्रकात वेगळी असेल, तर तीच पाळा.

## १. बेंचची तयारी

सकाळी पहिला नमुना हातात घेण्याआधी या गोष्टी उरकून घ्या.

सेलाइन. ०.९ टक्के, त्याच दिवशी उघडलेलं. जुनं, बुरशी धरलेलं किंवा आम्ल झालेलं सेलाइन निकाल बिघडवतं आणि शोधताना सगळ्यात शेवटी सापडतं. वॉशबॉटलमध्ये कालचं उरलेलं असेल तर त्यात भर घालू नका. ओतून द्या.

रिएजंट. अँटी-ए निळं आणि अँटी-बी पिवळं असतं, पण रंगावर विसंबू नका. बाटलीवरचं नाव, लॉट नंबर आणि मुदत वाचा. गढूळपणा दिसला तर बाटली बाजूला ठेवा. रोज प्रत्येक अँटीसेरा (ठरावीक अँटीबॉडी असलेलं रिएजंट) एका पॉझिटिव्ह आणि एका निगेटिव्ह पेशीबरोबर लावून रजिस्टरमध्ये नोंद करा. अँटी-एसाठी ए१ (ए गटाचा मुख्य उपगट) पेशी पॉझिटिव्ह, बी आणि ओ पेशी निगेटिव्ह यायला हव्यात. अँटी-डीसाठी डी पॉझिटिव्ह आणि डी निगेटिव्ह अशा दोन्ही ओ पेशी लागतात.

रिव्हर्ससाठी ए१, बी आणि ओ पेशी. स्वतः तयार करत असाल तर प्रत्येक गटाच्या निदान तीन दात्यांच्या पेशी एकत्र करून तीनदा धुवा. एकाच दात्याच्या पेशींत एखादं अँटिजेन (पेशीवरची गटाची खूण) कमजोर असेल तर दिवसभराचे निकाल फसतात.

सेंट्रिफ्यूज आणि वॉटरबाथ. बाथचं तापमान डिस्प्लेवर न बघता थर्मामीटरने तपासा, ३७ अंश हवं. सेंट्रिफ्यूजचा वेग आणि वेळ कॅलिब्रेशनप्रमाणे ठेवा. बऱ्याच ठिकाणी मिनिटाला १००० फेऱ्या आणि एक मिनिट असा हिशोब असतो. जास्त फिरवलं तर निगेटिव्ह बटणही (ट्यूबच्या तळाशी बसलेल्या पेशी) घट्ट बसतं आणि खोटं पॉझिटिव्ह वाटतं. कमी फिरवलं तर कमजोर प्रतिक्रिया निसटते.

## २. नमुना आणि मागणीपत्र

रुग्णाला चुकीच्या गटाचं रक्त जाण्यामागे बहुतेक वेळा प्रयोगशाळेतली रसायनं नसतात. ओळखीचा घोळ असतो. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावाच्या ट्यूबमध्ये भरलं गेलं, तर पुढची प्रत्येक पायरी तुम्ही अचूक केली तरी निकाल चुकीचाच येणार, आणि क्रॉसमॅचही (रुग्णाचं सीरम दात्याच्या पेशींशी जुळतं का ते बघण्याची चाचणी) ‘कम्पॅटिबल’ म्हणजे जुळणारा येणार. म्हणून या पायरीवर हट्टी व्हा.

क्रॉसमॅचसाठी साधी, गोठलेल्या रक्ताची ट्यूब आणि गटासाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, अशा दोन घेण्याची पद्धत चांगली. दोन्हींवर रुग्णाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारीख, वेळ आणि रक्त घेणाऱ्याची सही हवी. हे लेबल रुग्णाच्या खाटेशीच, रक्त घेतल्या घेतल्या लावलेलं असावं. मागणीपत्रावरचं प्रत्येक अक्षर लेबलशी ताडा. नाव ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ असं वेगवेगळं असलं तरी विचारा. नोंदणी क्रमांकातला एक आकडा वेगळा असेल तर नमुना परत पाठवा.

सावध: वॉर्डातले मामा खिडकीशी घाईने उभे असतात, सिस्टर फोनवर सांगतात, ‘अहो, तुम्हीच दुरुस्त करून घ्या ना लेबल.’ करू नका. दुसऱ्याने घेतलेल्या नमुन्याचं लेबल रक्तपेढीत बसून बदलायचं नसतं. नवा नमुना मागवा. दहा मिनिटं वाया जातील, वाद होईल, होऊ द्या.

मागणीपत्रावर आणखी तीन गोष्टी शोधा: रुग्णाला पूर्वी रक्त चढवलं होतं का, स्त्री रुग्ण असेल तर गर्भारपण किंवा गर्भपात झाला होता का, आणि आधी कधी रिअॅक्शन आली होती का. गेल्या तीन महिन्यांत रुग्णाला रक्त चढवलेलं असेल किंवा गर्भारपण असेल, तर तीन दिवसांपेक्षा जुना नमुना क्रॉसमॅचला वापरायचा नाही. शरीर या काळात नव्या अँटीबॉडी तयार करत असू शकतं आणि जुन्या नमुन्यात त्या दिसणार नाहीत.

नमुना लालसर, फुटलेल्या पेशींचा असेल तर नाकारा. पेशी फुटणं हीसुद्धा पॉझिटिव्ह प्रतिक्रिया असते. रक्तद्रव आधीच लाल असेल तर ती तुम्हाला ओळखता येणार नाही.

तपासा: या रुग्णाचा गट आपल्या रजिस्टरमध्ये आधी नोंदलेला आहे का? असेल तर आजचा निकाल त्याच्याशी ताडायचा, पण चाचणी संपल्यावर. आधी बघितलं की डोळे तोच निकाल शोधतात. जुनी नोंद नसेल तर शक्य तिथे वेगळ्या वेळी, वेगळ्या हाताने घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर गट पडताळा.

## ३. पेशी धुणं आणि सस्पेन्शन

ईडीटीए नमुन्यातल्या पेशी सेलाइनने निदान एकदा, शक्यतो तीनदा धुवा. मग एक थेंब घट्ट पेशी आणि एकोणीस थेंब सेलाइन मिसळलं की साधारण ५ टक्के सस्पेन्शन होतं. ट्यूबसाठी २ ते ५ टक्क्यांच्या मधलं काहीही चालतं.

विद्यार्थी इथे अंदाजाने ‘टोमॅटो सूपसारखं’ घट्ट करतात. पेशी जास्त झाल्या की अँटीबॉडी त्यांच्यात वाटली जाते आणि कमजोर प्रतिक्रिया हरवते. फार पातळ झालं तर बटणच वाचता येत नाही. हात बसेपर्यंत थेंब मोजा.

## ४. फॉरवर्ड ग्रुपिंग

तीन ट्यूब घ्या आणि त्यांवर रुग्णाचा क्रमांक व ‘ए’, ‘बी’, ‘एबी’ आधी लिहा. लिहिल्याशिवाय ट्यूबमध्ये काहीही टाकायचं नाही.

१. प्रत्येकीत त्या-त्या अँटीसेराचा एक थेंब टाका.
२. रॅककडे बघून तिन्हींत द्रव दिसतो याची खात्री करा.
३. मग प्रत्येकीत रुग्णाच्या पेशींचा एक थेंब टाका.
४. हलकेच मिसळा, सेंट्रिफ्यूज करा.
५. ट्यूब तिरकी करून हळूच हलवत वाचा आणि लगेच लिहा.

अँटीसेरा आधी का? रंगहीन थेंब टाकायचा राहिला तर रिकाम्या ट्यूबमध्ये ते दिसतं. पेशी आधी टाकल्या की सगळ्या ट्यूब सारख्याच लाल दिसतात, आणि राहिलेल्या थेंबाची ट्यूब ‘निगेटिव्ह’ म्हणून नोंदली जाते. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) किंवा अँटीसेरा आधी, पेशी नंतर, हा क्रम क्रॉसमॅचमध्येही तोच.

वाचताना ट्यूब झटकू नका. बटण तळाशी कसं सुटतं तिकडे लक्ष द्या. एकच घट्ट गोळा आणि स्वच्छ द्रव म्हणजे ४+. दोन-तीन मोठे तुकडे ३+, मध्यम गोळ्या २+, बारीक गोळ्या आणि गढूळ द्रव १+. बटण धुरासारखं एकसारखं विरघळलं तर निगेटिव्ह. काही पेशी गोळा आणि बाकीच्या सुट्या दिसल्या तर ‘मिक्स्ड फील्ड’ असं लिहा. त्याला २+ म्हणू नका. ए किंवा बी गटाच्या रुग्णाला नुकतंच ओ रक्त दिलं असेल तर हेच चित्र दिसतं.

स्लाइड पद्धत शिबिरात दात्याचा प्राथमिक गट बघायला ठीक आहे. रुग्णाला रक्त देण्याचा निर्णय तिच्यावर घेऊ नका. दोन मिनिटांनंतर कडेला सुकलेला थेंब गोळा झाल्यासारखाच दिसतो.

## ५. रिव्हर्स ग्रुपिंग

ए१, बी आणि ओ अशा तीन ट्यूब लिहून ठेवा. प्रत्येकीत रुग्णाच्या सीरमचे दोन थेंब टाका, मग त्या-त्या पेशींचा एक थेंब. फिरवा आणि वाचा. आधी द्रवाचा रंग बघा, मग बटण. लालसर द्रव म्हणजे पेशी फुटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने रिव्हर्स न बघता लिहावं आणि रिव्हर्स लिहिणाऱ्याने फॉरवर्डचा रकाना झाकावा. दोन माणसं असतील तर कामं वाटून घ्या. एकटे असाल तर दोन वेगळे कागद वापरा.

बऱ्याच ठिकाणी ओ पेशींची ट्यूब ‘कायम निगेटिव्हच येते’ म्हणून लावत नाहीत. हे मला अजिबात मान्य नाही, आणि महाराष्ट्रात तर हे अक्षम्य आहे. बॉम्बे गट १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच नोंदवला. या गटाच्या व्यक्तीच्या पेशींवर एच अँटिजेन (ए आणि बी अँटिजेनचा पाया) नसतं, त्यामुळे फॉरवर्डमध्ये ती सरळ ‘ओ’ दिसते. तिच्या सीरममधली अँटी-एच मात्र ओ पेशींनाही जोरात गोळा करते. ओ पेशींची ट्यूब लावली नाही तर तिला ओ गट लिहिला जाईल, आणि ओ रक्त तिच्यासाठी घातक आहे. तिला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

चार महिन्यांखालच्या बाळाचं रिव्हर्स करत नाहीत. त्याच्या सीरममध्ये स्वतःच्या अँटीबॉडी अजून तयार झालेल्या नसतात, ज्या असतात त्या आईकडून आलेल्या.

## ६. आरएच डी

दोन वेगळ्या क्लोनच्या अँटी-डी वापरा आणि शेजारी कंट्रोल ट्यूब (अँटी-डीशिवायची) लावा. कंट्रोल पॉझिटिव्ह आला तर डीचा निकाल ग्राह्य धरायचा नाही.

थेट चाचणीत निगेटिव्ह आलेल्या दात्याची वीक डी (कमजोर डी) चाचणी अँटीग्लोब्युलिनने (पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी पकडणाऱ्या सीरमने) करायची. ती पॉझिटिव्ह आली तर पिशवीवर आरएच पॉझिटिव्ह असं लेबल लावायचं. रुग्णासाठी सहसा ही चाचणी करत नाहीत. थेट चाचणीत निगेटिव्ह आला की त्याला निगेटिव्ह रक्त द्यायचं. दात्याच्या आणि रुग्णाच्या नियमातला हा फरक परीक्षेतही उलटा लिहिला जातो. दोन्ही ठिकाणी हेतू एकच आहे: डी निगेटिव्ह रुग्णाच्या शरीरात डी अँटिजेन जाऊ नये.

## ७. फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळत नाहीत तेव्हा

गट लिहू नका. ‘तात्पुरता’ म्हणूनही नाही. या क्रमाने शोधा.

आधी हाताची चूक. त्याच नमुन्यावर, नव्या ट्यूबमध्ये, पेशी पुन्हा धुऊन सगळं परत लावा. निम्म्याहून अधिक घोळ इथेच सुटतात. सुटला नाही तर नवा नमुना मागवा.

मग रुग्णाचं वय आणि आजार. रिव्हर्समध्ये अपेक्षित प्रतिक्रिया कमजोर असेल आणि रुग्ण फार वृद्ध असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर ट्यूब खोलीच्या तापमानाला १५ ते ३० मिनिटं ठेवून पुन्हा वाचा.

रूलो. मायलोमासारख्या आजारात प्रथिनं वाढल्यामुळे पेशी एकावर एक चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या चवडी दिसतात. रिव्हर्सच्या ट्यूबमधलं सीरम काढून तेवढंच सेलाइन टाका, हलवून पुन्हा फिरवा. रूलो सुटतो, खरी गुठळी टिकते.

थंडीच्या अँटीबॉडी (कमी तापमानाला पेशी गोळा करणाऱ्या). सगळ्या ट्यूब पॉझिटिव्ह, ओ पेशीसुद्धा आणि ऑटो कंट्रोलही (रुग्णाचं सीरम आणि त्याच्याच पेशी). पेशी ३७ अंशांच्या सेलाइनने धुवा. रिव्हर्ससाठी सीरम आणि पेशी दोन्ही आधी ३७ अंशांवर तापवून मग मिसळा.

ए२ उपगट. फॉरवर्डमध्ये ए किंवा एबी, रिव्हर्समध्ये ए१ पेशींशी हलकी प्रतिक्रिया. अँटी-ए१ लेक्टिन (पेशी गोळा करणारं वनस्पतीतलं प्रथिन) लावा, ए२ पेशी निगेटिव्ह येतील. हे लेक्टिन आपल्या कुळथाच्या बियांपासून काढतात.

बॉम्बे. फॉरवर्ड ओ, रिव्हर्समध्ये ए१, बी, ओ तिन्ही जोरात, ऑटो कंट्रोल मात्र निगेटिव्ह. अँटी-एच लेक्टिन लावा. साध्या ओ गटाच्या पेशी गोळा होतात, बॉम्बेच्या होत नाहीत.

तपासा: ओ पेशी पॉझिटिव्ह असतील तर पहिला प्रश्न कायम एकच: ऑटो कंट्रोल काय आहे? पॉझिटिव्ह असेल तर थंडीच्या ऑटोअँटीबॉडीकडे (स्वतःच्याच पेशींवर काम करणाऱ्या) किंवा रूलोकडे जा, निगेटिव्ह असेल तर बॉम्बे किंवा फक्त परक्या पेशींवर काम करणाऱ्या दुसऱ्या अॅलोअँटीबॉडीकडे.

## ८. मेजर क्रॉसमॅच

गट पक्का झाला, त्याच गटाची पिशवी निवडली. आता रुग्णाचं सीरम आणि दात्याच्या पेशी. दात्याच्या पेशी त्याच पिशवीला जोडलेल्या सेगमेंटमधून (नळीच्या सीलबंद तुकड्यातून) घ्या. ट्रेमध्ये सुटा पडलेला सेगमेंट वापरू नका.

टप्पा क, लगेच फिरवणं. सीरमचे दोन थेंब, धुतलेल्या दाता पेशींचा एक थेंब. फिरवा आणि वाचा. इथे एबीओचा घोळ उघडा पडतो. ऑटो कंट्रोलची ट्यूबही बरोबर चालवा: रुग्णाचं सीरम आणि रुग्णाच्याच पेशी.

टप्पा ख, ३७ अंश. त्याच ट्यूब बाथमध्ये ठेवा. सेलाइन पद्धतीत ३० ते ६० मिनिटं. लिस (कमी मिठाचं द्रावण) वापरत असाल तर १५ मिनिटांच्या आसपास, पण मग सीरम आणि लिसमधल्या पेशी यांचे थेंब सारखे घ्यावे लागतात. सवयीने जास्तीचं सीरम टाकलं तर मिश्रणातलं मिठाचं प्रमाण वाढतं आणि लिसचा फायदाच जातो. काढल्यावर फिरवून पेशी फुटल्यात का, गोळा झाल्यात का ते बघा.

टप्पा ग, धुणं. सर्वांत जास्त चुका इथे होतात. अँटीग्लोब्युलिन सीरम मानवी आयजीजीला (अँटीबॉडीचा एक प्रकार) पकडतं. ट्यूबमध्ये रुग्णाचं सीरम किंचितही राहिलं तर त्यातली मोकळी आयजीजी अँटीग्लोब्युलिनला आधीच अडकवून टाकते. पेशींवर चिकटलेल्या अँटीबॉडीसाठी काही उरत नाही. ट्यूब निगेटिव्ह दिसते आणि विसंगत पिशवी ‘कम्पॅटिबल’ म्हणून निघते.

- ट्यूबचा पाऊण भाग सेलाइनने भरा, जोराच्या धारेने, म्हणजे पेशी पूर्ण उठतील.
- फिरवा आणि एका झटक्यात पूर्ण ओता. शेवटच्या वेळी ट्यूबचं तोंड टिपकागदावर टेकवा.
- पुढचं सेलाइन घालण्याआधी बटण पूर्ण सुटलंय याची खात्री करा.
- तीन ते चार वेळा, मधे न थांबता. थांबलात तर कमजोर चिकटलेली अँटीबॉडी सुटून जाते.
- बोटाने ट्यूबचं तोंड झाकून हलवू नका. त्वचेवरच्या प्रथिनांनीही अँटीग्लोब्युलिन निकामी होतं.

टप्पा घ, अँटीग्लोब्युलिन. शेवटचं पाणी काढल्या काढल्या दोन थेंब टाका, फिरवा, लगेच वाचा. निगेटिव्ह वाटलं तर सूक्ष्मदर्शकाखालीही बघा.

टप्पा च, चेक सेल्स. प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये आयजीजी चढवलेल्या पेशींचा एक थेंब टाकून फिरवा. आता पॉझिटिव्ह यायलाच हवं. आलं, म्हणजे अँटीग्लोब्युलिन ट्यूबमध्ये होतं आणि काम करत होतं. आलं नाही, तर तुमचा ‘निगेटिव्ह’ निकाल रद्द. चेक सेल्सचा आणखी एक थेंब टाकून बघायचं नाही, पहिल्या टप्प्यापासून सगळं नव्याने करायचं.

जेल कार्डमध्ये (ट्यूबऐवजी जेल भरलेलं कार्ड वापरायच्या पद्धतीत) हे धुणं आणि चेक सेल्स लागत नाहीत. पण तिथे पेशींचं सस्पेन्शन सुमारे ०.८ ते १ टक्का असतं. ट्यूबसाठी बनवलेलं ५ टक्क्यांचं सस्पेन्शन कार्डात घालू नका.

## ९. निकालाचा अर्थ लावणं

पहिल्याच टप्प्यात पॉझिटिव्ह: गट पुन्हा तपासा, मग थंडीची अँटीबॉडी. फक्त अँटीग्लोब्युलिनला पॉझिटिव्ह आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह: रुग्णात बहुधा आयजीजी अॅलोअँटीबॉडी आहे, स्क्रीनिंग आणि ओळख चाचणी करा. अनेक पिशव्यांपैकी एकच जुळत नाही: त्या दात्याच्या पेशींची डीएटीही (पेशींवर आधीच अँटीबॉडी चिकटली आहे का ते बघणारी चाचणी) करून बघा. ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह: वरिष्ठांना आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांना कळवा. स्वतः ‘सर्वांत कमी जुळत नसलेली’ पिशवी निवडून देऊ नका.

कम्पॅटिबल निकाल काय सांगत नाही, हेही पक्कं ठेवा. डी निगेटिव्ह बाईच्या शरीरात अजून अँटी-डी नसेल, तर चुकून लावलेली डी पॉझिटिव्ह पिशवीही जुळते. किड नावाच्या रक्तगटाच्या अँटीबॉडी काळाबरोबर इतक्या कमी होतात की चाचणीत दिसत नाहीत, आणि रक्त दिल्यावर काही दिवसांनी उसळतात. म्हणून ज्या रुग्णात कधीही अँटीबॉडी सापडली, त्याच्या नोंदीवर ती कायमची लिहा आणि त्याला कार्ड द्या.

तातडीत डॉक्टरांच्या लेखी मागणीवर क्रॉसमॅचशिवाय ओ निगेटिव्ह तांबड्या पेशी द्याव्या लागतात. त्याआधी रुग्णाचा नमुना घेतला गेलाच पाहिजे. पिशवी गेल्यावरही क्रॉसमॅच पूर्ण करा आणि काही सापडलं तर वॉर्डला लगेच फोन करा.

## १०. पिशवी देताना आणि त्यानंतर

पिशवीचा रंग, गुठळ्या, गळती, मुदत बघा. जांभळट किंवा काळपट पिशवी देऊ नका. पिशवी क्रमांक, गट, रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक हे घेणाऱ्यासमोर मोठ्याने वाचा, त्यालाही वाचायला सांगा, वेळ लिहून सही घ्या. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत राहतात. फ्रिजबाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलेली पिशवी परत साठ्यात घ्यायची नाही. लावल्यापासून चार तासांत ती संपली पाहिजे, हे वॉर्डला सांगत राहा. वॉर्डाच्या फ्रिजमध्ये पिशवी ठेवायची नाही, हेही.

रुग्णाचा नमुना आणि पिशवीचा सेगमेंट निदान सात दिवस जपून ठेवा. रिअॅक्शनचा फोन आला तर त्यांचाच आधार असतो. रक्त थांबवायला सांगा, पिशवी सेटसकट परत मागवा, दुसऱ्या हातातून घेतलेला नवा नमुना आणि पहिली लघवी मागवा. पहिलं काम लेबलं, मागणीपत्र आणि रजिस्टर ताडण्याचं. मग आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांचं रक्तद्रव शेजारी ठेवून लालसरपणा बघा, नंतरच्या नमुन्यावर डीएटी करा. शेवटी दोन्ही नमुन्यांचा आणि पिशवीचा गट व क्रॉसमॅच पुन्हा लावा.